चूक कुणाची, हे न विचारणाऱ्या मॅडम

लातूरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅडम मला वरिष्ठ होत्या. मूळच्या उदगीरकडच्या. काही बंद पडलं की आम्ही सगळे घाबरायचो आणि मॅडम वही उघडून एकेकाला विचारायच्या, "तवा तुमाला काय दिसायलं होतं?" चूक कुणाची, हे त्या कधी विचारत नसत. चौघांच्या चार गोष्टी तशाच लिहून घेत आणि खाली कारणाची जागा कोरी ठेवत. मला ते पटत नसे.

एकदा अहमदपूरच्या मोंढ्यात सोयाबीनचे सौदे चालू असताना वजनकाट्यावरचा आमचा प्रोग्राम बंद पडला. आदल्या दिवशी त्यात मी बदल केला होता. तो काढल्यावर काटा चालू झाला. मी स्वतःहून म्हणालो, "मॅडम, चूक माझीच आहे."

त्यांनी लिहिलं, 'यांना असं वाटतं.' मग म्हणाल्या, "ह्योच बदल रेणापूरच्या काट्यावर बी चालू हाय की. तिथं का न्हाई बंद पडलं?"

सुट्टीच्या दिवशी त्या मला अहमदपूरला घेऊन गेल्या. मोंढा रिकामा होता. त्यांनी माझा काढलेला बदल मुद्दाम पुन्हा घातला. प्रोग्राम सुरळीत चालला.

मॅडम हरखल्या. "लई बरं झालं. म्हंजी दुसरंच काही तरी हाय!"

त्या खुशीत चहाला निघाल्या. मी मात्र काट्यापाशीच घुटमळलो. चूक माझी होती, तोवर निदान कुठं जपायचं ते तरी ठाऊक होतं.