चौथी तकबीर

इराकातल्या कुफा शहरात अरबांना लोक मानानं 'अबू अमुक, अबू तमुक' म्हणत. माहयारला मात्र केस पिकले तरी नुसतं 'ए माहयार'. तो इराणी, अग्निपूजकांच्या घरातला, कालवे खणणारा. सगळी माणसं एका आदमची लेकरं, हे ऐकून त्यानं मनापासून इस्लाम धरला होता. पण नव्यानं आलेल्याला कुठल्या तरी अरब कुळाच्या आश्रयानं राहावं लागे. त्याला बनू हुदैरनी आसरा दिला. त्यानं कुराण असं मुखोद्गत केलं, की कुळातली मुलं पठण शिकायला त्याच्याकडेच येऊ लागली.

"घरात घेतलंय म्हणतात," त्याची बायको दीनक म्हणायची, "आणि बसायला जागा चपलांपाशी."

"होईल हळूहळू," तो म्हणायचा.

ऐन उन्हाळ्यात दीनक तापानं गेली. सकाळीच जनाजा मशिदीसमोर आणला. नमाज पढवायला माहयार पुढे झाला, तसा कुळातला म्हातारा उकैल आडवा आला.

"मागे हो. अरब असताना तू पुढे उभा राहणार?"

"बायको माझी आहे."

"आणि कुळ आमचं आहे. माझा पुतण्या येईल. घोडा बघायला गेलाय."

सूर्य डोक्यावर आला. माहयार खजुराच्या झावळीनं माश्या वारत राहिला. दुपार कलल्यावर पुतण्या हुरैस आला. लहानपणी हा माहयारच्याच हाताखाली पठण शिकला होता. घाईघाईनं उभा राहिला, या नमाजेत चारदा म्हणायचं 'अल्लाहु अकबर' तीनदाच म्हणाला आणि मान वळवून शेवटचा सलाम करून मोकळा झाला.

"चौथी तकबीर राहिली," मागच्या रांगेतून माहयार म्हणाला.

"काही राहिली नाही," उकैल म्हणाला. "तुझे कान गेलेत."

हुरैस खाली बघत होता. माहयार रांग ओलांडून जनाज्यापाशी गेला आणि त्यानं पहिल्यापासून नमाज सुरू केली. त्याच्या मागे विणकर, कुंभार, न्हावी, सगळे आश्रित उभे राहिले. बनू हुदैरची माणसं कपडे झटकत निघून गेली.

आठ दिवसांत त्याच्याकडे मुलं यायची बंद झाली. कुळानं आसरा काढून घेतला. दुसरं कुठलंही कुळ त्याला दारात उभं करेना. साठीत त्यानं पुन्हा कुदळ उचलली.

एकदा कालव्यावर हुरैस भेटला. घोड्यावरून उतरला. "उस्ताद, तीनच झाल्या होत्या. मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"काका उभे होते ना."

"आणि ज्याच्यापुढे आपण सगळे उभे होतो, तो?"

हुरैस पुन्हा घोड्यावर चढला. जाताना एवढंच म्हणाला, "इतका राग आहे, तर परत आपल्या अग्नीकडे का जात नाही?"

"अग्नी मी तुमच्यासाठी सोडला नव्हता," माहयार म्हणाला. हातपाय धुऊन वजू करण्यापुरतं पाणी ओंजळीत घेऊन तो एकटाच काठावर नमाजाला उभा राहिला.