डीबगरमधली माझी दुरुस्ती

माझ्या धाकट्या चुलतभावाने मला फसवलं. मी केलेली दुरुस्ती त्याने स्वतःच्या नावावर खपवली.

पिंगळीहून रोज रेल्वेने येऊन मी परभणीत कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकलो. पुढे प्रोग्राम लिहायला लागलो, ते मात्र कोणी शिकवलं नाही. आज मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या वजनकाट्यांवर माझे प्रोग्राम चालतात. त्यांतली चूक शोधायला मी डीबगर वापरतो. प्रोग्राम मध्येच थांबवून एकेक ओळ पुढे सरकवत तपासायचं हे साधन. माझा डीबगर फुकट मिळणारा, टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालणारा. जगभरातले लोक तो सुधारत असतात.

त्याला मराठी झेपत नव्हती. कोडच्या ओळीत ‘मूग’ किंवा ‘गहू’ आला की उकाराला तो वेगळी जागा धरायचा. ओळ फुगून खाली सांडायची आणि चालू ओळ दाखवणारा बाण भलत्याच ओळीसमोर दिसायचा. त्या बाणावर विसंबून मी एकदा चांगला चालणारा भाग उखडून टाकला होता.

मी ते दुरुस्त केलं. पाठवताना मात्र मोंढ्याची अक्कल चालवली. सोबत चार किरकोळ दुरुस्त्या बांधल्या. समोरचा थोडं कापणारच, मग आपल्याला हवी ती शिल्लक राहील. डीबगर सांभाळणाऱ्या परदेशातल्या माणसाने लिहिलं, पाचही वेगवेगळ्या पाठवा. मला वाटलं, हा माझा माल हलका ठरवतोय. मी कडक उत्तर दिलं. त्याने समजावलं, मी आणखी कडक लिहिलं. शेवटी त्याने तिथे लिहायची मला बंदीच केली.

पुण्यात नोकरी करणारा हा भाऊ तेव्हा सुट्टीवर आला होता. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसून त्याने सगळी चर्चा वाचली आणि हसत सुटला.

“दादा, तू तं त्या गोऱ्याला बैलाच्या बाजारात उभा केलास की रे!”

“दात काढू नको. काम चोख हाय का न्हाई?”

“लय चोख हाय. दे मला, मी ती एकच नीट करून पाठवतो. खाली तुझं नाव टाकतो.”

“इसरशील.”

“आता घरातल्या माणसावर तरी भरोसा ठेव!”

ठेवला. दुरुस्ती मंजूर झाली, नव्या आवृत्तीच्या यादीत आली. नाव एकट्या त्याचं. विचारलं तर म्हणाला, घाईत राहिलं.

आता कोणीतरी तक्रार केली आहे की खिडकी अरुंद केली तर ओळ कडेपासून एक घर, म्हणजे एका अक्षराची जागा, आधीच तुटते. सांभाळणाऱ्याने भावाला विचारलं, असं का केलंत? कारण कळलं नाही तर पुढच्या आवृत्तीतून ही दुरुस्ती काढावी लागेल. लगेच भावाचा फोन.

“दादा, ते एक घर कशाला मोकळं सोडलंस? पटकन सांग ना.”

“आधी तिथं लिही, काम कोणाचं हाय ते.”

“आता कसं लिहू? हापिसात समदे मलाच इचारायलेत त्याच्याबद्दल. माझं नाक कापलं जाईल ना.”

“मग त्या नाकालाच इचार, घर कशाला सोडलं.”

मी फोन आपटला. कारण साधं आहे: जोडाक्षर कडेवर आलं तर अर्धं या ओळीत आणि अर्धं पुढच्या ओळीत जाऊ नये. पण ते त्याला माहीत नाही, आणि मला तिथे लिहिता येत नाही.

रोज दुकान उघडलं की आधी ती चर्चा बघतो. प्रश्न तसाच पडून आहे. दुरुस्ती निघाली तर बाण पुन्हा भलतीकडे जाईल आणि पहिला त्रास मलाच होईल, एवढं मला कळतं. दुसऱ्या नावाने खातं काढून उत्तर देता येईल. पण माझंच काम मी तोंड झाकून का सांगू?

भावा, हे लिहिलेलं घरातलं कोणीतरी तुला दाखवेलच. यादीत नाव तुझं आहे, तेव्हा उत्तरही तूच द्यायचंस. तिथे, सगळ्यांसमोर लिही: हे काम कोणी केलं, आणि त्याचं नाव तू का गाळलंस?