ओट्याखालचा पहारा

गेल्या वर्षी एका तापातून उठले, तेव्हा माझ्या जगातला वास निघून गेला होता. हिंगाची डबी नाकाशी धरली, तर जाणवला तो फक्त पत्र्याचा गारवा. कढीपत्ता चुरडला, तर बोटांना ओलसर काहीतरी लागले, एवढेच. कवितांवर वाढलेल्या बाईला हे दुःख पुरेसे होते. पण दुःखामागून भीती आली, आणि ती गॅसची होती.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या घरात यजमान कचेरीला गेले की संध्याकाळपर्यंत आम्ही दोघीच असतो, सासूबाई आणि मी. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. दुपारचा तीनचा चहा त्या स्वतः करतात आणि दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. "तुझा चहा म्हणजे गरम पाण्याला दिलेलं नाव," असे त्या मला तोंडावर सांगतात. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. दोनदा मला शेगडीचे बटण अर्धे उघडे सापडले. त्यांना आठवत नाही आणि मला वास येत नाही. दुपारचे ते पाच-सहा तास मी घरभर पावले न वाजवता फिरायची, जणू आवाजानेही काहीतरी पेट घेईल.

बाजारातले तयार अलार्मयंत्र आणून पाहिले. फोडणी पडली की ते किंचाळायचे. चौथ्या दिवशी सासूबाईंनी ते उपटले आणि त्या जागी मिक्सर लावला.

"आतून कसं चालतं ते कळलं, तरच माझा जीव थाऱ्यावर येईल," मी नणंदेला फोनवर म्हटले. ती पुण्याला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते.

"मग तूच बनव की, वहिनी. एक मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड घे, म्हणजे इवलासा संगणकच, गॅसचा सेन्सर घे, ओरडायला एक बझर घे. मी सांगते तसं जोड."

"मला? मी तर वृत्तं शिकलेली बाई."

"म्हणजे मात्रा मोजता येतात ना? झालं तर."

बोर्ड आला. काडेपेटीहून थोडा लांब, काळा, दोन्ही कडांना पितळी पायांची रांग. तळव्यावर घेतला, तर एखाद्या मेलेल्या कीटकासारखा हलका आणि खरखरीत लागला. पहिले तीन दिवस लॅपटॉप त्याला ओळखीनाच. चूक माझीच, मीच काहीतरी जाळले, या समजुतीने मी घामेजून जात असे. शेवटी नणंद म्हणाली, "केबल कुठली लावलीस? मोबाइलच्या चार्जरची? अगं, तिच्यातून नुसती वीज जाते, अक्षरं नाही जात." दुसरी केबल लावली. प्रोग्रॅमच्या आयत्या मिळालेल्या चार ओळी बोर्डात उतरवल्या आणि कोपऱ्यातला निळा दिवा लुकलुकू लागला. एक सेकंद उजेड, एक सेकंद अंधार. त्या लयीकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. आनंद झाला, पण त्याखाली धास्ती होतीच. माझ्या शब्दाबरहुकूम काहीतरी चालू लागले होते. म्हणजे माझा शब्द चुकला तर तेही चुकणार होते.

सेन्सर जोडला तेव्हा तो बोटाला चांगलाच गरम लागला. मी वायर उपटून नणंदेला फोन केला. "तापलाच पाहिजे तो," ती हसली. "त्याच्या पोटात हीटर असतो. एक-दोन दिवस तापू दे, मग खरं बोलेल." दोन दिवसांनी लॅपटॉपच्या पडद्यावर आकडे उतरू लागले, एकाखाली एक. दोनशे दहा. दोनशे बारा. दोनशे नऊ. माझ्या हरवलेल्या नाकाच्या जागी आता हे आकडे होते.

चाचणीसाठी मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे सिगारेटचा लायटर मागितला. "मॅडम, आपने भी शुरू कर दी?" त्याने विचारले. घरी येऊन लायटर न पेटवता त्याचा वायू सेन्सरपाशी सोडला. आकडा सातशेवर उसळला आणि बझर कर्कश ओरडला. फोडणीला तो जिथवर चढे, त्याच्या किंचित वर मी मर्यादा ठरवली.

आता जागा. त्यात मला क्षणभरही शंका वाटली नाही. परभणीच्या माझ्या माहेरी सिलिंडर गळू लागला की आई दोन्ही दारे उघडी टाकून केरसुणीने जमीन झाडत झाडत दारापर्यंत जायची. "तो खाली साचतो, पायाशी," ती सांगायची. म्हणून मी बोर्ड ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर चिकटवला. आकडे वायफायवरून माझ्या खोलीतल्या लॅपटॉपवर येत होते. त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपले.

नोव्हेंबर लागला. बाहेरची हवा राखाडी झाली, घशाशी खरवडू लागली. सगळ्या खिडक्या बंद, फटींना टॉवेल लावलेले. अशाच एका दुपारी मी खोलीत लिहीत बसले होते. चहा ठेवून सासूबाई पडायला गेल्या होत्या, हे मला माहीत नव्हते. थोड्या वेळाने त्या माझ्या दारात आल्या.

"अगं, वास कसला येतोय?"

मी पडद्याकडे पाहिले. दोनशे अकरा. दोनशे दहा.

"काही नाही, आई. यंत्र शांत आहे."

"यंत्राला काय कळतंय! थांब, दिवा लावून बघते."

त्या वळल्या. मी पुन्हा वहीत डोके घातले. एक ओळ पुरी केली. मग त्यांचे वाक्य उशिरा माझ्यापर्यंत पोहोचले, आणि मी खुर्ची पाडून धावले. स्वयंपाकघर अंधारलेले होते. चहा उतू जाऊन शेगडीवर पसरला होता, ज्योत विझली होती, बटण पूर्ण उघडे होते. सासूबाईंचे बोट दिव्याच्या बटणावर होते.

"आई, हात काढा!"

असा आवाज मी त्यांच्यापुढे कधी काढला नव्हता. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मी शेगडी बंद केली, गॅसचा मुख्य कॉक फिरवला, खिडकी उघडली, त्यांना धरून बाल्कनीत नेले. धुरकट, बोचरी हवा आम्ही दोघी अधाशासारखी आत ओढत होतो. ओट्याखालून एक हुंकारही आला नव्हता.

बऱ्याच वेळाने नणंदेला फोन लावला. सगळे ऐकून तिने एकच विचारले, "बोर्ड कुठे लावलायस?"

"खाली. जमिनीलगत."

"तुमच्याकडे सिलिंडर आहे?"

"नाही, पाईपचा गॅस."

"वहिनी, पाईपमधला गॅस हवेपेक्षा हलका. तो वर जातो, छताशी." मग ती म्हणाली, "चूक माझीसुद्धा. मी विचारायला हवं होतं. आणि आता मुद्दाम गॅस सोडून प्रयोग करत बसू नकोस. कंपनीचा माणूस बोलाव."

प्रोग्रॅममध्ये एक अक्षर चुकले नव्हते. बोर्ड इमानाने पायाशी पहारा देत होता, आणि मृत्यू डोक्यावर जमत होता. पण मला छळते ते दुसरेच: ज्यांचे नाक शाबूत होते, त्यांना मी "काही नाही" म्हणाले होते.

संध्याकाळी यजमान म्हणाले, "बस, आता इंडक्शन आणू. आईने शेगडीला हातच लावायचा नाही." सासूबाईंनी चहाचे पातेले उचलून वरच्या फळीवर पालथे घातले. ते पाहणे मला कुठल्याही टोमण्यापेक्षा जड गेले. मी म्हणाले, "थोडे दिवस थांबा."

कंपनीचा माणूस येऊन नळी आणि सांधे तपासून गेला. मी स्टुलावर चढून बोर्ड छताजवळ लावला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सासूबाई पातेले हातात घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"करू का गं चहा?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी विचारले नव्हते. भीतीने त्यांच्याही आवाजात घर केले होते, आणि ते घर मी बांधून दिले होते.

"करा ना, आई. मलाही द्या थोडा."

मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्यामागोमाग जाऊन चौकटीला टेकून उभी राहिले. चहा कपात ओतला जाईपर्यंत त्या निळ्या ज्योतीवरून मी नजर हलवली नाही.