एक दिवस पुढचं रक्त

अगं, अशी उभ्या-उभ्या काय वाचतेस, बस जवळ. आणि पोरांना ताप आला की चार-चार दिवस काढे कसले पाजता गं? आधी डॉक्टरकडे न्यावं! असो. मी असलं काही मानणारी नाही हं... अमावास्येलाही केस धुणारी बाई मी. पण ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

माझी नात पिंकी, पाच वर्षांची. माझ्या लेकीची, सुमनची, एकुलती. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात होती — रक्तात जंतू पसरलेले. तेव्हा रक्त काढलं की काचेची नळी नातेवाइकांनीच बाहेरच्या लॅबमध्ये पोचवायची. सकाळी मी, संध्याकाळी जावई.

पहिल्या दिवशी मी नेलेल्या नळीचा रिपोर्ट आला — किडनी बिघडली. डॉक्टर हसले. "आजी, पोरीला लघवी छान होतेय. नळ्यांची अदलाबदल झाली असणार." संध्याकाळी जावयाने नेलेलं रक्त चांगलं निघालं. दुसऱ्या दिवशी मात्र लघवी बंद... आणि संध्याकाळी जावयाच्या रिपोर्टात आकडा माझ्या कालच्या रिपोर्टातलाच, पॉइंटसकट!

त्याच दिवशी सकाळी माझ्या नळीत निघालं होतं — लिव्हर गेलं. पिंकीचे डोळे तर पांढरेशुभ्र. तिसऱ्या दिवशी उठली ती हळदीसारखे पिवळे डोळे घेऊन.

डॉक्टर आता हसेनात. "आजी, आजचं रक्त तुम्हीच न्या," एवढंच म्हणाले.

लॅबवाल्या काकांनी दोनदा तपासलं. "ताई, सगळं नॉर्मल आहे हो!"

मी धावत आले. सुमन तीन दिवस स्टुलावर बसून होती.

"उद्या पोरगी बरी! तू घरी जा, आंघोळ कर, झोप."

"आई, नक्की ना?"

"माझा एक तरी रिपोर्ट खोटा निघाला का? जा मुकाट!"

गेली ती मालाडला. सकाळी पिंकीने दोनदा विचारलं, "आई कुठाय?" सुमनची बस पोचायच्या आत गेली पोर.

त्या शेवटच्या रिपोर्टचं काय? मला आजवर कळलं नाही... खोटा होता, की तिचा त्रासच संपणार होता म्हणून खरा?

सुमनने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त माहेरी यायची बंद झाली.

सुमे, हे तुझ्या हाती पडलं तर... रिपोर्टचं मला ठाऊक नाही गं, पण तुला घरी पाठवलं ते माझंच चुकलं. मी घाटकोपरलाच आहे, त्याच खोलीत. ये एकदा. लवकर ये.