गप्प झालेल्याची वही

अग्निशमन दलाच्या संगणक कक्षात मावशींचं काम म्हणजे पाच यंत्रांची हजेरी घेणं. कुठली गाडी कुठे आहे, याची एकच नोंद पाचही यंत्रं आपापल्याकडे ठेवत. एखादं बंद पडलं तरी बाकीची कामाला असावीत म्हणून. दर सेकंदाला प्रत्येक यंत्र इतरांना "मी आहे" असं कळवी. कुणी दहा सेकंद गप्प राहिलं, की उरलेली मिळून त्याचं नाव यादीतून काढत. गाडी पाठवायला यादीतल्या बहुमताची संमती लागे. यादीत मुकी मंडळी भरली, तर वाट बघण्यातच कुणाचं तरी घर जळायचं.

एरवी मावशी लोण्यासारख्या मऊ, पण या यादीपुढे त्या कुणाची भीड ठेवत नसत. "गप्प झाला की नाव बाहेर. लाड नाहीत!" परतलेल्यालाही लगेच मत नाही, आधी मधल्या सगळ्या नोंदी वाचायच्या, मग यादीत. त्या नोंदीसुद्धा तीसच दिवस जपायच्या. त्यानंतर कुणी परतलंच, तर ते नवखं. मावशी धरून कक्षातल्या चौघा माणसांची नावं फळ्यावर असत, त्यांनाही हाच कायदा. सुट्टीवरून आलेल्या साहेबांना त्यांनी एकदा दिवसभर वाचायला बसवलं होतं, चहासुद्धा जागेवरच दिला होता.

मग मावशींच्याच घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि आवाज बसला. तो परत येईल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. कामावर आपली जागा आहे, एवढ्या एका आशेवर त्यांनी शहात्तर दिवस काढले.

परतल्या त्या सकाळी त्यांची नजर आधी फळ्यावर गेली. तीनच नावं होती. मावशींचं नव्हतं. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? कायदा त्यांचाच होता.

साहेब उठून जवळ आले. "नाव मीच पुसलं, मावशी. तुमचाच नियम." आणि त्यांनी एक जाडजूड वही पुढे केली. "बसा. आधी वाचा."

रोजचं एक पान. कुठलं यंत्र अडलं, कुणी काय बदललं, चहाचं मशीन कुणी बिघडवलं. तिघांनी आळीपाळीने लिहिलेलं. तिसाव्या पानावर साहेबांचं गिचमिड अक्षर होतं: "नियमाप्रमाणे नोंदी आज बंद."

मावशींनी पान उलटलं. एकतिसावं पान होतं. त्याच गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: "नियम गेला चुलीत. आज तीन नंबरचं यंत्र दोनदा अडलं."

पुढची पानं त्यांना नीट दिसेनात. आपला आवाज परत येईल अशी खात्री डॉक्टरांनाही नव्हती, आणि ही माणसं मात्र रोज लिहीत बसली होती. इतकं कुणी आपल्यासाठी करावं, या विचाराने त्या भरून पावल्या.

संध्याकाळी शेवटचं पान संपलं. साहेबांनी खडू उचलला. "मावशींना यादीत घ्यायचं?"

तीन हात वर झाले. नाव लिहून साहेब थांबले, तिघंही वळून बघत राहिले. मावशींनी दोनदा घसा खाकरला. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात त्या म्हणाल्या, "मी आहे."