पोशेऱ्याच्या गोधडीसाठी मशीन

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी विचारलं नाही, हे एक कारण. दुसरं असं की पोशेऱ्यात, आमच्या गावात, ही हकिकत एका ठरावीक पद्धतीनं सांगतात, ती पद्धत मीच घालून दिलेली आहे, आणि तिच्यात माझं काही बिघडत नाही. बिघडलं ते माझ्या वहिनीचं.

मी शिंपी. जव्हारच्या बाजारात माझं दुकान होतं. शाळेचे गणवेश, झंपर, लग्नाचे सफारी, सगळं शिवलं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून घरी असतो. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावरही ती पोशेऱ्यातच राहिली. नाचणी-वरईचा एक तुकडा, थोडं भात, बाकीच्या दिवसांत मजुरी. पण गावात तिची ओळख गोधडीची. कुणाची सून पोटुशी राहिली की घरातली जुनी लुगडी वहिनीकडे जायची. बाळाच्या पहिल्या गोधडीत आजीचं लुगडं सगळ्यांत वर, बाळाच्या अंगाला लागेल असं घालायचं, आणि ती गोधडी वहिनीनंच शिवायची, अशी गावाची रीत पडून गेली होती.

दाभोशाला धबधबा बघायला येणारे लोक या गोधड्या वाळत घातलेल्या बघून विकत मागू लागले. वहिनीच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, गोधड्याच करू. हातानं एक गोधडी व्हायला फार दिवस लागतात म्हणून मशीन घ्यायचं. आणि मशीन निवडायला घरचा शिंपी होताच.

बायका जीपनं जव्हारला आल्या. वहिनीच्या काखेत चिंधीनं बांधलेली एक गोधडी.

"हे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"काय शिवायचं हाय ते मशीनला दाखवाया नको?"

"बरोबर हाय," मागून एक बाई म्हणाली, "पोरगी बघाया आलोय, तर पोरगा नको दाखवाया?" सगळ्या हसल्या.

मला हसू आलं नाही. मशीनचा दुकानदार माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. चुलीच्या धुराचा वास असलेली ती गोधडी त्याच्या काचेच्या काउंटरवर पसरली जाणार, याची मला लाज वाटली. "जीपमध्ये ठेव ती," मी म्हणालो. "मला शिवण शिकवायला आलीस का?" वहिनी परत गेली आणि गोधडी ठेवून आली.

मी निवडलं ते मोटरचं, वेगवान मशीन. गणवेश शिवणाऱ्यांचं ते आवडतं. चिंधीच्या जाड घड्या करून मी सुईखाली घातल्या, सुई सरसर गेली. "जीन्स शिवतं हे," मी बायकांना म्हणालो, "तुमच्या गोधडीचं काय घेऊन बसलात."

आमच्याकडे शिंपी गोधडी शिवत नाही. ते बायकांचं काम, सारवलेल्या अंगणात बसून करायचं. इतकी वर्षं मशीन चालवून मी एकही गोधडी सुईखाली घातली नव्हती, आणि ती घालण्यात काही वेगळं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. हातभर चिंधीवर मी मशीन पारखलं. सुईच्या उजव्या बाजूला मशीनचा खांब असतो, त्या दोघांमध्ये वीतभर जागा. गुंडाळलेली गोधडी त्या जागेतून जाईल का, हे बघायचं राहून गेलं.

वहिनीनं मशीनवर गोधडी घेतली ती हातानं घेतात तशीच. कडेपासून सुरुवात, मग गोल गोल आत. हातशिलाईत प्रत्येक टाक्यामागे तळहात फिरतो आणि कापड बसवत जातो. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं. ते थोडं थोडं सरकत मध्याकडे जमत गेलं. शेवटी गोधडीच्या मध्यावर एक टेकाड उभं राहिलं. खांबापाशी गुंडाळी अडकून सुया मोडल्या त्या वेगळ्याच.

मला बोलावणं आलं. बायका भोवती जमल्या होत्या. मी मशीन उघडलं, तेल बघितलं, बंद केलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"मशीन एकदम बरोबर आहे," मी म्हणालो. "वहिनीचा हात जड आहे. हातशिलाईच्या माणसाला मशीन जमत नाही."

शिंपी म्हणतो म्हटल्यावर कोण काय बोलणार? वहिनी तेवढी म्हणाली, "असंल, भावजी."

इथवर चूक होती. माझ्या हातून झाली, अजाणता झाली. पण घरी आल्यावर मला चैन पडेना. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी आमच्या घरातली जुनी लुगडी गोधडीसारखी एकावर एक घालून माझ्या मशीनवर घेतली आणि वहिनीसारखंच कडेपासून शिवत आत आलो. मध्यावर तसंच टेकाड उभं राहिलं. माझा हात काही जड नव्हता. मी सगळे टाके उसवले, लुगडी घडी करून जागच्या जागी ठेवली आणि पोशेऱ्याला गेलो नाही.

मशीनवर प्लॅस्टिक पडलं. त्याचं एवढं वाटलं नसतं. पुढच्या बाळाची गोधडी दुसऱ्या बाईकडे गेली. मग त्यापुढचीही. "आजीचा हात बसत नाय आता," असं बायका वहिनीबद्दल म्हणू लागल्या. दिवाळीला मी गेलो तेव्हा वहिनीनं चहा दिला, पोराबाळांची चौकशी केली. सुईदोऱ्याचा डबा फळीवर चढलेला होता.

गेल्या वर्षी गटाची नवी अध्यक्ष माझ्याकडे आली. गावातलीच तरुण सून, बोलायला तिखट. "काका, पुन्हा मशीन बघायचंय. तुम्ही चला. पण ह्या वेळी बोलायचं आम्ही, तुम्ही नुसती मान हलवायची."

"उभी की आडवी?"

"आम्ही सांगू तशी."

मी एकच अट घातली. वहिनी येईल, आणि नुसते कच्चे टाके घातलेली गोधडी घेऊन येईल. वहिनी आधी तयार होईना. "मी कशाला? माझा हात जड हाय," ती हसत म्हणाली. त्या हसण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तसं काही नव्हतं. ती ते खरंच मानून बसली होती.

एस.टी.नं आम्ही नाशिकला गेलो. दुकानात शिरल्या शिरल्या मी स्वतः गोधडी सोडून काउंटरवर पसरली.

"आजोबा, मुक्काम करताय का इथं?" दुकानदार म्हणाला.

"आधी ही आत जाते का बघू. मग ठरवू."

बऱ्याच मशीनांत ती गेलीच नाही. शेवटी एक लांब हाताचं मशीन निघालं. सुई आणि खांबामध्ये भरपूर जागा, आणि कापड दाबणारा पाय असा की तो वरचं कापडही दात्यांबरोबर पुढे नेतो. "पण याला स्पीड नाही हां," दुकानदारानं आधीच सांगितलं.

"आमाला कुठं गाडी गाठायची हाय," अध्यक्षबाई म्हणाली.

मी वहिनीला स्टुलावर बसवलं. "या वेळी मधून सुरुवात कर. बाहेर बाहेर जा."

"उलटं?"

"उलटं."

तिनं गोधडीच्या मध्यावर तळहात फिरवला आणि मशीन चालवलं. जरा वेळानं थांबून गोधडी उलटी केली, खालची बाजू डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "बसतंय," ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. दुकानदार चहा सांगायला गेला.

ते मशीन आता शाळेजवळच्या खोलीत रोज चालतं. मध्यातून बाहेर शिवायचं वहिनीच सगळ्यांना शिकवते. अध्यक्षबाईला दिवस गेलेत आणि तिनं आपल्या सासूचं लुगडं वहिनीच्या हातात दिलंय. गावात आनंद आहे. फक्त बायका म्हणतात, "चांगलं मशीन आलं, म्हणून आजीचा हात सुधारला." आणि वहिनी मान डोलावते.

परवा मी मुद्दाम तिला खरं सांगायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"वहिनी," मी म्हणालो.

"ते टोक धरा जरा, भावजी." मी धरलं. तिनं शिलाई संपवली, दोरा तोडला. "काय म्हणत होता?"

"दोरा चांगला आहे."

"हां, चांगला हाय."

मला म्हणायचं होतं ते असं. वहिनी, तुझा हात कधीच जड नव्हता. मशीन मी चुकीचं निवडलं. तुला गोधडी दाखवू दिली नाही. आणि चूक कळल्यावरही ती मी तुझ्या नावावर राहू दिली. मला माफ कर.