मी कधीपासून बेन झाले?

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई मला लहानपणापासून म्हणायची. मला त्याचा जरा अभिमानच वाटायचा. कोणाची तरी फिरकी घ्यायची, चार माणसं हसली की बरं वाटायचं. आता त्याच जिभेचा इतका राग येतो की काय सांगू.

बडोद्याजवळ मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत मी पगार विभागात होते. सकाळची कंपनीची बस आमच्या दांडिया बाजारातून निघायची आणि त्या बसमध्ये मराठी माणसं दोनच, मी आणि ड्रॉइंग ऑफिसमधले एक गृहस्थ. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते आणि माझे पणजोबाही. बडोद्यातल्या मराठी माणसाला पहिल्या भेटीत हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही! मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे. बाकी अख्ख्या कंपनीसाठी मी गुजराती रिवाजाप्रमाणे 'बेन' होते. बसमध्ये आमच्या गप्पा म्हणजे अळूच्या फतफत्यापासून गणपतीच्या आरासीपर्यंत. पगार, बढती, हातउसने हे विषय आमच्यात कधी निघालेच नाहीत.

आमच्यासारख्या घरांतली एक खोड मला फार उशिरा कळली. आम्ही मराठीत भांडायचो, रडायचो, देवाला नवस बोलायचो. पण पैशाचा विषय आला की माणूस आपोआप गुजरातीवर जायचा. बाजारात, बँकेत ते ठीकच आहे. पण माझे बाबा घरात, आईलासुद्धा, पैसे संपले असं मराठीत कधी म्हणाले नाहीत. "आ महिने जरा खेंच छे," एवढंच म्हणायचे. आई मान हलवायची आणि त्या महिन्यात तूप बंद व्हायचं. मराठीत म्हटलं असतं तर ती घरातली गोष्ट झाली असती. गुजरातीत ती बाहेरची राहायची, बाजारभावासारखी.

कंपनीत एक मदत फंड होता. प्रत्येकाच्या पगारातून थोडी रक्कम त्यात जायची आणि कोणाला आजारपण आलं की त्यातून पैसे मिळायचे. दोन-तीन दिवसांत काम व्हायचं. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात असायचे. वर्कशॉपमधली माणसं बिनदिक्कत येऊन मागायची. स्टाफपैकी कोणी फिरकायचं नाही. फंड फक्त कामगारांसाठी आहे अशी निम्म्या स्टाफची समजूत होती. मला ती ठाऊक होती आणि मी ती कधी खोडून काढली नाही. चांगल्या घरच्या माणसांना आपण होऊन असलं काय सांगायचं, असं वाटायचं मला.

त्या वर्षी वैशाखात काकांनी मुलीचं लग्न केलं. थाटात केलं. आम्ही सगळे जेवून आलो आणि पुढे आठवडाभर बसमध्ये श्रीखंडाची तारीफ चालली होती. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. त्या लग्नात काकांची सगळी पुंजी संपली होती, हे मला पुढे कळलं.

श्रावणातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाशी आले. एरवी ते पगार विभागात पाऊल टाकत नसत. इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "बेन, एक वात पूछवी हती."

काहीतरी विचारायचं होतं, आणि तेही गुजरातीत! मला हसूच फुटलं. "अगंबाई! काका, मी कधीपासून बेन झाले? मराठीत बोला की! का बाजारात आलात असं वाटलं?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. काकाही हसले. त्यांचं ते हसणं अजून दिसतं मला, ओठांच्या एका कडेला राहिलेलं. उभ्या उभ्या त्यांनी दोनदा तोंड उघडलं. मग म्हणाले, "काही नाही हो बाई. सहज आलो होतो." आणि गेले. मी डबा उघडला आणि जेवले.

दिवाळीनंतर काका रजेवर गेले. काकूंच्या पोटाचं ऑपरेशन झालं असं बसमध्ये कोणीतरी म्हणालं. होळीच्या आधी त्या गेल्या.

मी भेटायला गेले. माजघरात काका भिंतीला टेकून बसले होते. मी शेजारी बसले, पाणी आलं, ते घेतलं. काकांची मुलगी सासरहून आली होती, तिच्याशी बोलले. बोलता बोलता तीच म्हणाली, "डॉक्टरांनी श्रावणातच सांगितलं होतं, गाठ लगेच काढा म्हणून. पण पैशांची सोय नव्हती. बोनस आल्यावर करू म्हणाले बाबा. तोवर पसरलं." मग माझ्याकडे बघून अगदी सरळपणे म्हणाली, "बाबा तुमच्याकडे फंडाचं विचारायला आले होते ना? स्टाफला मिळत नाही म्हणालात तुम्ही. आईला वाटायचं, इतकी वर्षं एका बसने जातात, बाईंनी काहीतरी करायला हवं होतं."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मी काकांकडे पाहिलं. ते खाली फरशीकडे बघत होते. मान वर केली नाही त्यांनी.

खोटं सांगते आहे असं वाटेल, पण त्या क्षणी मला पहिल्यांदा राग आला, आणि काकांचाच आला. सणसणून आला. अहो, माझ्या नावावर खपवलंत? तुमच्या तोंडून चार शब्द निघाले नाहीत आणि काकू जाताना मला बोल लावून गेल्या? फॉर्म एका हाताच्या अंतरावर होता हो! मग ती बेनची थट्टा आठवली, शेजारच्यांचं हसणं आठवलं, आणि रागाचं पाणी झालं. त्यांनी मोठ्या कष्टाने तोंड उघडलं होतं. ते मी बंद केलं होतं.

"हो गं," मी मुलीला म्हटलं. "तेव्हा नियमच तसा होता."

काकांनी डोळे मिटले. मी आणखी थोडा वेळ बसले आणि घरी आले.

त्यानंतर मी एक सुरू केलं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये उभी राहायचे आणि मोठ्याने सांगायचे, फंड सगळ्यांचा आहे, स्टाफचाही आहे, मागायला लाजू नका. गुजरातीत सांगायचे, हिंदीत सांगायचे. सुरुवातीला लोक टिंगल करायचे. हळूहळू स्टाफमधली माणसं यायला लागली. एकाने बायकोच्या बाळंतपणाचं विचारलं, एकाने वडिलांच्या मोतीबिंदूचं. ते कोणत्याही भाषेत बोलले तरी मी हसायचे नाही. लोक मला चांगलं म्हणायला लागले. आणि दर महिन्याला कोपऱ्यातल्या बाकावर काका डब्यातली पोळी मोडत ते सगळं ऐकायचे. त्यांना काय होत असेल, ते कळत असूनही मी थांबले नाही. थांबायला हवं होतं की नाही, आजही सांगता येत नाही.

बसमध्ये आम्ही पूर्वीसारखेच शेजारी बसायचो. अळू निघायचं, गणपती निघायचा. श्रावणातल्या त्या दिवसाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

चार वर्षांनी काका निवृत्त झाले. फंडातला आपला वाटा परत घ्यायला माझ्या टेबलाशी आले. मी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, फॉर्म भरून दिला, सही कुठे करायची ते दाखवलं. त्यांनी सही केली. मला राहवेना. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी हळूच गुजरातीत घरचं विचारलं, "काका, घरे बधुं बराबर छे ने? कंई काम होय तो कहेजो."

त्यांनी पेनचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "आता मराठीत विचारलंत तरी चालेल. आता मागायचं कोणासाठी?"